चाकामागचा दगड

नाना पेठेतल्या एका आतल्या बोळात सकाळचे साडेनऊ वाजलेत. श्रावणातली सर नुकतीच येऊन गेलीय. गॅरेजच्या पत्र्यावरून अजून पाणी ठिबकतंय. दारात मामांची टाटामोबाईल 206 उभी आहे आणि तिच्या मागच्या चाकाखाली दगड आहे. काळा, भाकरीएवढा, एका अंगानं टायर घासून गुळगुळीत झालेला. पुरंदरातल्या त्यांच्या शेताच्या बांधावरचा. बोळ सपाट आहे, तरी उतरल्या उतरल्या मामांनी तो लावलाय. गाडी पहिल्या गिअरमध्ये बंद करायची, उतरायचं, सीटमागून दगड काढायचा, चाकाला टेकवायचा. गेली चार वर्षं मामांचा हँडब्रेक म्हणजे हा दगड.

मिस्त्री गाडीत बसून दांडा ओढतात. तो बोटानं उचलावा इतका सहज वर येतो, आणि कुठंच अडत नाही.

"काका, माल कसला भरता?"

"सीताफळं. पहाटं मार्केट यार्डाला."

"दिवे घाटातनं?"

"मग दुसरीकडनं कुठनं!"

"घाटात कधी थांबावं लागत नाही?"

मामा गप्प राहतात. गेल्या साली याच दिवसांत घाटात वाहनं अडली होती. मामा क्रेटांची दोरी आवळायला उतरले, ओल्या डांबरावर दगड निसटला आणि भरलेली गाडी सरकत कठड्याला टेकली. वाटेत उभा असलेला सोबतीचा गडी वेळेवर बाजूला झाला. हे मला मामींनी सांगितलंय. मामांनी त्याचा उच्चार आजवर केलेला नाही.

आज आलोय त्याला निमित्त पासिंगचं. येत्या बुधवारी गाडी दिवे गावातल्या आरटीओच्या ट्रॅकवर न्यायची आहे. तिथं 250 मीटरच्या ट्रॅकवर ब्रेक तपासतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला 96 वा नियम सांगतो की गाडीला पायाचा ब्रेक हवा आणि त्याहून स्वतंत्र असा पार्किंग ब्रेकही हवा. स्वतंत्र हा शब्द महत्त्वाचा. पायाचा ब्रेक तेलाच्या दाबावर चालतो. पाइप फुटला की तो गेला, आणि इंजिन बंद पडलं की बूस्टरचं बळ जाऊन पेडल दगडासारखं होतं. हँडब्रेकला यातलं काही लागत नाही. दांडा, तार आणि ड्रम, बस्स. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार पुणेकरांना नव्यानं सांगायला नको. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री तिथं एका अवजड गाडीमुळं चाळीसहून अधिक वाहनांचं नुकसान झालं. हँडब्रेक असता तर असं काही टळतं, असा माझा दावा नाही. पळती गाडी थांबवणं हे त्याचं कामच नव्हे. उभी गाडी उभी ठेवणं हे त्याचं काम, आणि तेवढंही आपण त्याच्याकडून करून घेत नाही, ही माझी तक्रार आहे.

मामांची गाडी 1991 ची. टेल्कोनं, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सनं, ही पिकअप 1988 साली आणली, तोवर कंपनीची ओळख ट्रकांची होती. पिंपरीच्या कारखान्यात ती बनायची. पुढं सिएरा आली, 1994 ला सुमो आली, त्या हिच्याच सांगाड्याच्या आधारानं. पिंपरी इथून जवळच, म्हणजे गाडी आज आपल्या जन्मगावाजवळच आली आहे. तिची मूळ केबल मात्र तयार मिळत नाही, म्हणून बनवून घ्यायची आहे.

मिस्त्रींच्या हाताखालचा मुलगा औंधच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक शिकलाय. तो पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावतो, मागून जॅक देतो आणि आसाखाली दोन घोड्या सरकवतो. गाडी घोड्यांवर नीट बसेपर्यंत मिस्त्री त्याला खाली जाऊ देत नाहीत. "जॅकवर गाडी उचलायची, जॅकवर ठेवायची नाही," ते मला सांगतात. हे वाक्य ते दिवसातून किती वेळा म्हणत असतील!

आता खालून सगळं दिसतं. दांड्यापासून एक तार मागं येते. चेसिसच्या मध्यावर ती एका आडव्या पट्टीला अडकते आणि पट्टीच्या दोन टोकांपासून दोन केबली निघून एकेका मागच्या चाकात शिरतात. ही पट्टी म्हणजे तराजूची दांडी समजा. एका बाजूची केबल आधी ताणली गेली तर दांडी कलते आणि उरलेली ओढ दुसऱ्या बाजूला देते. दोन्ही चाकं सारखी धरली जावीत यासाठी ती आहे. मामांच्या गाडीत डावी केबलच नाही. कोणत्या तरी गॅरेजवाल्यानं ती कधीतरी काढून टाकलीय आणि दांडी बांधकामाच्या तारेनं चेसिसला बांधून ठेवलीय. मिस्त्री ती तार पक्कडीनं कापतात आणि माझ्या हातात देतात. काही बोलत नाहीत.

उजवी केबल आहे, पण तिचं वरचं आवरण एका ठिकाणी फाटलंय. तिथून पाणी शिरलं, चिखल शिरला. मुलगा आतली तार ओढायला बघतो, हलत नाही. तो आवरण वाकवतो, तेव्हा फाटक्या जागेतून गंजाची लाल भुकटी गळते आणि तारेचे तुटके पीळ वर येतात.

"ही ओढून नाही मेली," मिस्त्री म्हणतात, "न ओढून मेली. रोज ओढली असती तर तार आत खेळती राहिली असती."

ड्रम निघायला अर्धा तास लागतो. चहूबाजूंनी हातोडीनं ठोकत, थोडं तेल सोडत, पुन्हा ठोकत. ड्रम सुटतो तेव्हा मुलगा ओली चिंधी घेऊन आतली काळी भुकटी टिपतो. हवेच्या पाइपनं तो ती उडवत नाही, आणि याबद्दल मला मिस्त्रींचा फार आदर वाटतो. जुन्या लायनरांत अॅसबेस्टॉस असायचं. ती भुकटी छातीत गेली की बाहेर येत नाही. अजूनही कितीतरी ठिकाणी ती फुंकून उडवतात. वाचणाऱ्यांपैकी कुणाचं गॅरेज असेल तर एवढं कृपा करून थांबवा.

डाव्या बाजूचं चित्र वाईट आहे. लायनर ओला, चकचकीत. मिस्त्री बोट फिरवून वास घेतात. मागच्या आसाचं ऑईल सीलमधून झिरपतंय. "यावर नवी केबल टाकली तरी काय धरणार? तुपावर ब्रेक लागतो होय?" मामांच्या कपाळावर आठी चढते. केबलींचं काम आता सील आणि चारही लायनरांपर्यंत गेलंय. मामा दोन पावलं बाजूला जातात, बोळाच्या तोंडाकडं बघत राहतात आणि परत येऊन म्हणतात, "करा. अर्धं नको."

सील बसेपर्यंत मी मुलाबरोबर केबलीच्या दुकानात जातो. चालत पाच मिनिटं. नाना पेठेत सुट्या भागांची दुकानं खांद्याला खांदा लावून आहेत, आणि त्यांत नमुना बघून केबल बनवून देणारेही आहेत. दुकानदार जुनी उजवी केबल फळीवर सरळ करतो आणि दोन मापं घेतो: आधी आवरणाचं, मग आतल्या तारेचं. मापात खरी मेख या दोहोंच्या फरकाची. तार आवरणाबाहेर जेवढी उरते, तेवढ्यातच सगळा खेळ. फरक कमी धरला तर ब्रेक कायम घासत राहील, जास्त धरला तर दांडा छताला लागेपर्यंत ओढूनही काही होणार नाही. जुनी तार तुटकी आहे, म्हणून मुलगा गाडीखाली घेतलेलं माप कागदावरून वाचून दाखवतो. दुकानदार पुन्हा विचारतो, मुलगा पुन्हा वाचतो. टोकाला गुंडी दाबून बसवायचं यंत्र खट्ट करतं. दुकानदार तारेचं एक टोक शेगड्यात धरून दुसरं टोक सगळ्या अंगानं ओढतो. गुंडी सरकत नाही. डावीही अशीच बनते, मगच तो दोन्ही आमच्या हातात देतो.

परत येतो तर मिस्त्री ड्रमच्या आत मग्न आहेत. इथं मी उकिडवा बसतो, कारण हेच मला बघायचं होतं. अर्धगोल दोन शू समोरासमोर. मागच्या शूला आतून एक पट्टी टांगलेली, तिच्या खालच्या टोकाला केबल अडकते. केबल ओढली की पट्टी कलते, आणि तिच्या वरच्या भागाला टेकलेली आडवी काडी पुढच्या शूला रेटते. पुढचा शू ड्रमला भिडला की त्याच रेट्यानं मागचाही भिडतो. एका ओढीत दोघं. पायाच्या ब्रेकच्या तेलाचा इथं संबंधच नाही.

स्प्रिंगा चढवताना मिस्त्रींची जीभ दातांत येते. पट्टीच्या पिनेला ते चिमूटभरच ग्रीस लावतात, लायनरला हात लागू देत नाहीत. ड्रम चढवून ते अॅडजस्टर फिरवतात आणि चाक हातानं फिरवून कान लावतात. फिरवा, ऐका. चाक अडलं की थोडं मागं घेतात, नुसती हलकी घासर ऐकू येईपर्यंत. दोन्ही चाकांना हे झाल्याशिवाय केबलीला हात नाही.

"आधी केबल का नाही?" मी विचारतो.

"बहुतेक जण तेच करतात, भाऊ. लायनर झिजले की खालून केबल ताणायची. दोन महिने बरं वाटतं. पण मग आतली पट्टी आधीच ओढलेली राहते, शू पुरते मागं येत नाहीत, ड्रम तापतो. आधी चाक, मग तार. उलटं केलं की फसलं."

केबल नेण्याची वाट ते बोटानं आखतात. सायलेन्सरपासून लांब, कुठं काटकोनात वळण नाही, चेसिसवर जुन्या क्लिपांच्या जागी नव्या क्लिपा. आसाजवळ मात्र ते केबलीला मोकळा झोल ठेवतात. माल भरला की पाटे दबतात, आस वर येतो. झोल नसेल तर माल भरताना हँडब्रेक आपोआप लागेल किंवा केबल तुटेल. ते तपासायला मिस्त्री गाडी घोड्यांवरून उतरवतात आणि शेजारच्या दुकानातल्या चौघांना हाक मारतात. मामा, मी, ते चौघं, असे सहा जण मागं चढतो. मुलगा जमिनीवर आडवा होऊन खालून ओरडतो, "आहे, आहे, झोल आहे!" बोळातली दोन शाळकरी पोरं फुकटात चढून घेतात.

शेवटी तराजूच्या दांडीपुढचा नट. मिस्त्री तो थोडा आवळतात, मामांना दांडा ओढायला लावतात. कट, कट, कट. मागं येऊन चाक फिरवून बघतात. पुन्हा नट. सहाव्या दाताला दोन्ही चाकं घट्ट होतात. दांडा सोडला की दोन्ही मोकळी. लॉकनट आवळून ते पिनांत नव्या स्प्लिट पिना घालतात आणि त्यांचे पाय फाकवतात. जुन्या पिना सरळ करून परत वापरायला त्यांचा सक्त विरोध आहे.

दुपारी अडीच वाजता आम्ही गंगाधाम चौकातून आई माता मंदिराकडं चढणाऱ्या रस्त्यावर आहोत. पुण्यात या उताराची जरब आहे, ती उगाच नाही. रस्ता मोकळा बघून मिस्त्री गाडी कडेला घेतात. पायाचा ब्रेक दाबून दांडा ओढतात, गिअर न्यूट्रल करतात आणि पाऊल हळूहळू उचलतात, पेडलपासून बोटभर अंतरावर तयार ठेवून. गाडी किंचित दचकते आणि थांबते. मामा नकळत खिडकीची कड धरतात. मिस्त्री मनगटावरच्या घड्याळाकडं बघत बसून राहतात. पूर्ण एक मिनिट. शेजारून रिक्षा घरघरत जाते, बस जाते. आमची गाडी तिथंच.

मग वरून वळवून उताराकडं तोंड करून तेच. ड्रमचे शू दोन्ही दिशांना सारख्याच जोरानं पकडतील असं नाही. म्हणून दोन्हीकडून बघायचं असतं. उताराकडं तोंड केल्यावरही गाडी जागची हलत नाही.

"आता हा दगड टाकून द्यायचा ना?" मी विचारतो. दगड माझ्या पायाशीच आहे.

"दगड टाका, पण रिकाम्या हातानं फिरू नका," मिस्त्री म्हणतात. "माल भरून घाटात उतरायची वेळ आली तर हँडब्रेक, गिअर आणि ठोकळा, तिन्ही. दगड लोळतो. ठोकळा उतरता कापलेला असला की टायर त्याच्यावर बसतो." गॅरेजवर आल्यावर मुलगा बाभळीच्या तुकड्याचे दोन उतरते ठोकळे कापून देतो, भोक पाडून दोरीही ओवून देतो.

पैसे मोजून झाल्यावर मिस्त्री मामांचा हात धरून दांड्यावर ठेवतात. "रोज ओढायचा, काका. सपाटीवरसुद्धा. गाडी पाण्यातून आली आणि आठ-पंधरा दिवस उभी राहणार असली, तर तेवढ्यापुरता सोडून ठेवा, नाहीतर लायनर ड्रमला चिकटतो. एरवी रोज. आणि नवी तार थोडी लांबतेच, पंधरा दिवसांनी आणा, नट बघायचाय. त्याचे पैसे नाहीत."

पंधरा दिवसांनी म्हणजे पोळ्याच्या आसपास. मामा पासिंगच्या फायलीवर बुधवारच्या खाली ती तारीख लिहून घेतात.