शर्यतीचा ड्रोन आणि तीन आकड्यांचे गणित

लग्नसमारंभात डोक्यावर घिरट्या घालून छायाचित्रण करणारा ड्रोन आता शहरवासीयांच्या परिचयाचा झाला आहे. शर्यतीच्या ड्रोनची जातकुळी मात्र वेगळी. छायाचित्रणाचा ड्रोन उपग्रहांच्या साहाय्याने हवेत आपली जागा धरून ठेवतो. शर्यतीच्या ड्रोनला असा आधार नसतो. चालक गॉगल लावून ड्रोनवरील कॅमेऱ्याच्या नजरेने पाहत असतो आणि यंत्र ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाने कमानींमधून जात असते. या वेगात ते चालकाच्या बोटांचे ऐकते की नाही, हे ठरते त्यातील ‘फ्लाइट कंट्रोलर’मध्ये भरलेल्या आकड्यांवर.

चार पंख्यांचे हे यंत्र स्वभावतः अस्थिर. ते कोणत्या अक्षाभोवती किती वेगाने फिरते आहे, हे त्यावरील जायरोस्कोप मोजतो. समजा, चालकाने सेकंदाला ३०० अंश वेगाने कलण्याची आज्ञा दिली आणि प्रत्यक्ष वेग २७० अंशच भरला, तर ३० अंशांची तफावत उरते. ती मिटवण्यासाठी प्रत्येक मोटारीला किती जोर द्यावा, याचा हिशेब सेकंदाला हजारो वेळा होतो. ‘बीटाफ्लाइट’ या लोकप्रिय मुक्त प्रणालीत हा आकडा ८००० पर्यंत जातो.

हिशेबाची ही रीत शंभर वर्षांहून जुनी आहे. रशियात जन्मलेले अमेरिकी अभियंते निकोलस मिनॉर्स्की यांनी १९२२ मध्ये जहाजांच्या स्वयंचलित सुकाणूसाठी तिची गणिती मांडणी केली. अनुभवी सुकाणूधारक जहाज आत्ता किती भरकटले एवढेच पाहत नाही. ते किती काळ भरकटत आले आणि किती वेगाने वळते आहे, हेही तो ध्यानात घेतो. याच तीन गोष्टी आज पी, आय आणि डी या अक्षरांनी ओळखल्या जातात.

‘पी’ म्हणजे या क्षणीच्या तफावतीला दिलेले उत्तर. ते कमी असेल तर ड्रोन सुस्त वाटतो. प्रमाणाबाहेर वाढवले तर तो लक्ष्याच्या अल्याडपल्याड झपाट्याने थरथरू लागतो. ‘आय’ साचत गेलेल्या तफावतीची वसुली करतो. वारा एका बाजूने ढकलत असेल किंवा बॅटरी किंचित एका अंगाला बसली असेल, तर ड्रोनचा रोख टिकवून धरण्याचे काम त्याचे. ‘डी’ हा लगाम आहे. तफावत वेगाने मिटत असेल तर तो आधीच जोर आवरतो, म्हणून तीव्र वळणानंतर यंत्र उसळी न घेता स्थिरावते.

मग ‘डी’ वाढवतच का नेऊ नये? खरी मेख येथेच आहे. ‘डी’ बदलाच्या वेगावर चालतो आणि मोटारींच्या कंपनांमुळे जायरोच्या नोंदींत सतत बारीक, वेगवान बदल होत असतात. ‘डी’ त्यांनाही खरी हालचाल समजून कैकपटीने वाढवतो. परिणामी मोटारी विनाकारण धडपडतात, तापतात आणि प्रसंगी जळतात. कंपने गाळण्यासाठी फिल्टर असतात. पण प्रत्येक फिल्टर थोडा विलंब आणतो आणि विलंबाने आलेली माहिती पुन्हा अस्थिरता निर्माण करते. जुळवणी म्हणजे या ओढाताणीतून काढलेला मध्यममार्ग होय.

म्हणूनच जाणकार आकड्यांना हात लावण्यापूर्वी यंत्र तपासतात. वाकलेले पंखे, सैल स्क्रू किंवा झिजलेले बेअरिंग यांचा दोष कोणताही आकडा झाकू शकत नाही. त्यानंतर मूळ आकडे जपून ठेवावेत, एका वेळी एकच बदल करावा, अर्ध्या मिनिटाचे उड्डाण करून उतरावे आणि पंखे थांबल्यावर, बॅटरी काढून मोटारींना हलकेच हात लावून पाहावा. हात ठेववत नसेल तर बदल मागे घ्यावा. ‘ब्लॅकबॉक्स’ या सोयीने नोंदलेले आलेख पाहिले, की आज्ञा आणि प्रत्यक्ष हालचाल यांतील अंतर नेमके दिसते. संगणकाला जोडून मोटारी तपासताना मात्र पंखे काढलेलेच असावेत. फिरते पाते बोट सहज कापते.

या जुन्या गणिताचे महत्त्व नव्या युगातही ओसरलेले नाही. झुरिक विद्यापीठाच्या ‘स्विफ्ट’ या स्वयंचलित ड्रोनने तीन नामवंत मानवी चालकांविरुद्धच्या २५ पैकी १५ शर्यती जिंकल्या, हे संशोधन २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. कृत्रिम बुद्धिमत्तेने त्यात ठरवले ते किती जोराने उडायचे आणि किती वेगाने कलायचे एवढेच. ती आज्ञा मोटारींपर्यंत पोहोचवण्याचे काम बीटाफ्लाइटकडेच होते. आज्ञा माणसाची असो वा यंत्राची, ती अचूक पाळली जाण्यासाठी पी, आय आणि डी यांचा मेळ आधी जमावा लागतो.