ड्रॅगन फ्रूटची कांडी उसाच्या टिपरीसारखी लावू नका



पाटाचे पाणी जिथे पोचत नाही अशा माळाच्या, मुरमाड तुकड्यावर ड्रॅगन फ्रूट लावावे का, अशी विचारणा हल्ली गटागटांतून होते. ऊस मोडून हे पीक घ्या, असे माझे म्हणणे नाही. पण ज्याला लावायचेच आहे, त्याने रोपांवर पैसा घालण्याआधी हिशेब करावा. 10 बाय 10 फुटांवर खांब धरले तर एकरी सुमारे 435 खांब बसतात. खांबाला 4 प्रमाणे 1,740 रोपे लागली. एवढी रोपे विकत घेण्यापेक्षा ओळखीच्या निरोगी बागेतून कांड्या आणून घरीच तयार करता येतात.

हे झाड निवडुंगाच्या कुळातले. बांधावरच्या निवडुंगाचा फडा तुटून पडला की पडल्या जागी मुळ्या धरतो, हे आपण लहानपणापासून पाहतो. मग आपली कांडी का मरते? ती मरते आपल्या उसाच्या सवयीमुळे! बेणे ताजे तोडायचे, ताजेच लावायचे, लगेच पाणी द्यायचे, हा आपला नियम. मीही पहिल्या खेपेला 50 कांड्या अशाच लावल्या. पंधरा दिवसांत 40 च्या वर बुडातून कुजल्या.

कारण सोपे आहे. उसाच्या पानाची छिद्रे दिवसा उघडी असतात, निवडुंगाची मुख्यतः रात्री. त्यामुळे त्याचे पाणी कमी उडते आणि खोडाच्या गरात साठून राहते. कांडी काही दिवस पाण्यावाचून खुशाल जगते. पण ओल्या कापाला ओली माती लागली की बुरशी आत शिरते. गुडघा फुटल्यावर जशी खपली धरते, तशी कापावर खपली धरू द्यावी. मग बुरशीची वाट बंद होते.

करण्याची रीत अशी:

1. फळांचा हंगाम संपल्यावर, वर्षभर जुन्या, गर्द हिरव्या फांदीची 8 ते 10 इंचांची कांडी घ्यावी. कोवळा शेंडा घेऊ नये.

2. बुडाकडच्या टोकाला खूण करावी. उसाची टिपरी आडवी चालते. ही कांडी उभीच लावायची आणि बूड खालीच हवे.

3. बूड तासून आतला लाकडी गाभा थोडा उघडा करावा व काप ताम्रयुक्त बुरशीनाशकात बुडवावा. प्रमाण डब्यावरचे वाचून घ्यावे.

4. सावलीत, वारा लागेल असे 5 ते 7 दिवस ठेवावे.

5. माती, वाळू व चांगले कुजलेले शेणखत सारखे मिसळून भोकाच्या पिशव्या भराव्यात. कांडी 2 इंचच खोल रोवावी.

6. पहिले पाणी 3-4 दिवसांनी, तेही बेताचे. पुढे माती वरून सुकल्यावरच द्यावे. पिशव्या विरळ सावलीत ठेवाव्यात.

साधारण 3 आठवड्यांत मुळ्या सुटू लागतात आणि दोन-तीन महिन्यांत रोप लावणीला येते.

एक गोष्ट मात्र विसरू नये. ज्या झाडावर तपकिरी ठिपके किंवा कुजका भाग दिसेल, त्याची कांडी फुकट मिळाली तरी आणू नये. काणी लागलेल्या उसाचे बेणे आपण वापरतो का? तसेच हे. ही बाग पंधरा-वीस वर्षे उभी राहायची असते. बेण्यातून आलेला रोग तेवढी वर्षे छळेल. दर झाड बदलताना चाकू स्पिरिटने पुसावा.

घरातल्या बायाबापड्यांनी दारच्या कुंडीवर आधी हात बसवावा. पानफुटीचे पान मातीवर नुसते ठेवले तरी कडेने रोपे फुटतात. कोरफडीचे पान मात्र रोवून उपयोग नाही, तिची बुडातली पिल्लेच काढून लावावीत.

आधी 20 कांड्या करून पाहा. त्यातल्या 16-17 जगल्या, तर मग एकराचा विचार करा.

— ऊस विकास अधिकारी