इसे जिंगू : दर वीस वर्षांनी नव्याने उभे राहणारे प्राचीन मंदिर

जपानच्या मिए प्रांतातील इसे जिंगू हे शिंतो परंपरेतील सर्वांत पूजनीय तीर्थस्थान मानले जाते. त्याची परंपरा तेरा शतकांहून जुनी असली, तरी सध्याची मुख्य वास्तू २०१३ मध्ये बांधलेली आहे. दर वीस वर्षांनी शेजारच्या राखीव भूखंडावर हुबेहूब तसेच मंदिर उभारून देवतेला रात्रीच्या वेळी तेथे नेण्यात येते आणि त्यानंतर जुनी वास्तू उतरवली जाते. जीर्णोद्धार हा आपला शब्द येथे पुरेसा ठरत नाही, कारण वास्तू जीर्ण होण्याची वाटच पाहिली जात नाही.

सम्राज्ञी जितो यांच्या काळात, इ.स. ६९० मध्ये या प्रथेला आरंभ झाला. पंधराव्या-सोळाव्या शतकांतील यादवीत ती शंभराहून अधिक वर्षे खंडित झाली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी आश्रय संपल्याने १९४९ मधील सोहळा लांबला आणि १९५३ मध्ये लोकवर्गणीतून पार पडला. आगामी ६३ वा सोहळा २०३३ मध्ये होणार असून, त्याचे विधी २०२५ मध्येच सुरू झाले. किसोच्या डोंगरात हिनोकी वृक्ष तीन बाजूंनी कुऱ्हाडीचे घाव घालून पाडला जातो आणि त्याच्या शेंड्याची फांदी बुंध्यात रोवली जाते. वीस वर्षांच्या या अंतरामुळे सुतारकाम, छप्पर शाकारणे, विणकाम अशा कला थोरांच्या हाताखाली पुढची पिढी प्रत्यक्ष कामातून शिकते.

येथे लहानमोठी १२५ देवस्थाने आहेत. प्रथेनुसार भाविक आधी अन्नदेवता तोयोउके यांच्या गेकूमध्ये आणि नंतर सूर्यदेवता अमातेरासू यांच्या नैकूमध्ये जातात. गेकूमध्ये देवतांना रोज दोन वेळा नैवेद्य दाखवला जातो. त्यासाठीचा अग्नी लाकडावर लाकूड घासून चेतवतात. भारतीय वाचकाला येथे अरणीमंथन आठवावे. नैकूला जाताना इसुझू नदीवरील उजी पूल ओलांडावा लागतो. हात व तोंड धुऊन, वाटेचा मध्यभाग देवतेसाठी सोडून कडेने चालायचे, दोनदा वाकून नमस्कार, दोन टाळ्या आणि पुन्हा एक नमस्कार, असा शिरस्ता आहे. गाभारा मात्र दिसत नाही. सामान्य भाविकांना बाहेरच्या कुंपणापाशीच थांबावे लागते आणि तेथून छायाचित्रे घेण्यास मनाई आहे.

उतरवलेले लाकूड वाया जात नाही. मुख्य मंदिरांच्या आढ्याचे खांब उजी पुलाच्या दोन्ही टोकांवरील तोरी कमानींसाठी वापरले जातात. खरी अडचण नव्या लाकडाची आहे. मोठे हिनोकी दुर्मीळ झाल्याने देवस्थानाने १९२३ पासून स्वतःच्या वनात दोनशे वर्षांचा लागवड आराखडा हाती घेतला. त्या वनातील काही लाकूड २०१३ च्या बांधकामात वापरले गेले. मुख्य खांबांना पुरतील असे वृक्ष मिळण्यास बाविसावे शतक उजाडेल.