सायकलची सीट

शिरूर आणि दौंड तालुक्यांतील पुष्कळ मुले वाड्यावस्त्यांवरून सायकलने शाळेत येतात. घरात सायकल बहुधा एकच असते. सकाळी तिच्यावर अब्बा बाजारात जातात, दुपारी भाऊ किंवा बहीण शाळेत जाते. सीट मात्र सर्वांसाठी एकाच उंचीवर राहते. हे बरे नव्हे.

सीट फार खाली असली, तर गुडघे जास्त वाकतात व दुखू लागतात. ती फार वर असली, तर पाय पुरत नाहीत आणि तोल जातो.

योग्य उंची कशी ओळखावी? सायकल भिंतीला टेकवा व सीटवर बसा. एक पायडल अगदी खाली न्या. त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला, तर उंची बरोबर आहे. चालवताना मात्र टाच नव्हे, चवडा पायडलवर ठेवावा. मग गुडघा किंचित वाकलेला राहतो.

सीटखालच्या दांड्याला दुकानदार 'सीट पिलर' म्हणतात. नट पान्याने सैल केला, की हा दांडा वर-खाली होतो. अनेक दांड्यांवर एक आडवी खूण असते. ती कधीही बाहेर दिसता कामा नये. दांडा त्याहून जास्त बाहेर काढला, तर तो वाकतो किंवा मोडतो आणि बसणारा खाली पडतो.

भीमा आणि घोड नद्यांकाठचा आपला भाग बराचसा सपाट आहे. डोंगरातली गोष्ट वेगळी. चढावर सीट उंच हवी. तीव्र उतारावर ती खाली हवी, नाहीतर स्वार हँडलवरून पुढे फेकला जाण्याची भीती असते. वाटेत दरवेळी पाना कोण काढणार? म्हणून डोंगरी सायकलींसाठी तेलावर चालणारा दांडा निघाला. हँडलवरची कळ दाबली, की त्याच्या आतली झडप उघडते. बसलेल्याच्या वजनाने सीट खाली जाते. वजन काढून कळ दाबली, तर आतली दाबलेली हवा सीट वर ढकलते. कळ सोडली, की झडप बंद होते व सीट तेथेच पक्की राहते.

हा दांडा बसवताना तो सायकलच्या नळीत नेमका बसेल अशा जाडीचा घ्यावा. नळी आतून पुसावी. कळीपासून दांड्यापर्यंत तेलाची बारीक नळी न्यावी. तिच्यात हवेचा बुडबुडा राहू देऊ नये. तेल दबत नाही, पण हवा दबते. मग कळीचा जोर झडपेपर्यंत पोचत नाही. नटही फार आवळू नये, नाहीतर दांडा आत अडकतो.

2022 साली इटलीतील मिलान–सान रेमो शर्यतीत स्लोव्हेनियाच्या मातेय मोहोरिचने वर-खाली होणारी सीट वापरली. शेवटच्या उतारावर तो सर्वांच्या पुढे निघाला आणि जिंकला.

आपल्याला एवढा महाग दांडा नको. एक पाना पुरे. दांड्यावर प्रत्येकाच्या उंचीची रंगाने खूण करा. भाऊ उतरला आणि बहीण बसली, की सीट तिच्या खुणेवर आणा व नट घट्ट करा. दोन मिनिटांच्या या कामाने सर्वांचे गुडघे सांभाळले जातील.

स्वाध्याय
1. सीट फार खाली असल्यास काय होते?
2. दांड्यावरची आडवी खूण बाहेर का दिसू देऊ नये?
3. तेलाच्या नळीत हवा का राहू देऊ नये?