मुलगी मुंबईला जाते आहे

शेवटचे सत्र मुंबईच्या कंपनीत, असे पत्र आले की घरात पेढे वाटले जातात आणि रात्री हिशेबाची वही निघते. काम बहुधा बिनपगारी. राहायचे कुठे? शासकीय वसतिगृह न मिळालेल्या मुलांसाठी २०१६-१७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आली. मुंबईत शिकणाऱ्यास वर्षाला ६०,००० रुपये ठरले. त्यात निवासाचे २०,०००, म्हणजे महिन्याला सतराशेही नाहीत. एवढ्यात कॉट कोण देतो?

मग कल्याणची मावशी आठवते. मावशीची खोली दहा बाय दहा, माणसे पाच. तरी ती नाही म्हणत नाही. अशा सर्व मावश्यांना आमची विनंती आहे : लोकलला लोंबकळून आलेल्या पोरीपुढे खरकटी भांडी ठेवू नका. तिला अहवाल रात्रीच लिहायचा असतो.