मोटारगाडीचा रोजनामा

टांग्यातून किंवा बग्गीतून हिंडणाऱ्या गृहस्थाचे जाणे-येणे त्याच्या गाडीवानास ठाऊक असे. आणि गाडीवान विश्वासू की चहाडखोर, यावर घरातील पुष्कळ गोष्टींची अब्रू अवलंबून राही. पुढे माणूस स्वतःच मोटार चालवू लागला, तेव्हा या साक्षीदाराची अडचण संपली असे वाटले. आज त्याची जागा खुद्द गाडीनेच घेतली आहे.

नव्या मोटारीतील यंत्रे चाकांचा वेग, ब्रेकचा दाब, वळणाची तीव्रता यांची क्षणोक्षणी नोंद घेतात. गाडीचे ठिकाण उपग्रहांच्या साह्याने कळते, आणि आत बसविलेल्या सिमकार्डामुळे ही सारी माहिती कारखानदाराच्या दप्तरी जाऊन पोचते. याचे लाभ उघड आहेत. अपघातात मदत लवकर येते, चोरीस गेलेली गाडी सापडू शकते. प्रश्न उद्भवतो तो ही माहिती त्या दप्तरातून पुढे कोणाच्या हाती जाते, या ठिकाणी.

अमेरिकेतील एका मोटारमालकाचा विम्याचा हप्ता २०२२ मध्ये २१ टक्क्यांनी वाढला. त्याच्या हातून अपघात तर कधी घडला नव्हता. कारण शोधता शोधता त्याने माहितीचा व्यापार करणाऱ्या लेक्सिसनेक्सिस कंपनीकडून स्वतःविषयीचा अहवाल मागविला. तो २५८ पानांचा निघाला! सहा महिन्यांतील ६४० फेऱ्या त्यात नोंदल्या होत्या : गाडी केव्हा निघाली, केव्हा थांबली, किती अंतर धावली, ब्रेक कितीदा जोराने दाबला गेला. ही माहिती गाडी बनविणाऱ्या जनरल मोटर्सकडून गेलेली होती. मार्च २०२४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने हा प्रकार उजेडात आणल्यावर कंपनीने हा व्यवहार थांबविला. गाडीचे ठिकाण काही वेळा दर तीन सेकंदांनी टिपले जात होते आणि मालकांची संमती दिशाभूल करून घेतली जात होती, असा आरोप तेथील संघीय व्यापार आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये ठेवला. त्या वेळी जाहीर झालेल्या तडजोडीत अशी माहिती ग्राहक-अहवाल तयार करणाऱ्या संस्थांना देण्यास कंपनीवर पाच वर्षांची बंदी आली.

शिवाय अशी नोंद खरी असूनही अर्धवटच असते. चेंडूमागे धावत एखादे मूल रस्त्यात येते आणि चालक सर्व शक्तीनिशी ब्रेक दाबतो. यंत्रास ब्रेक दिसतो, मूल दिसत नाही. ज्या सावधपणाने एक जीव वाचला, तोच हिशेबात निष्काळजीपणा म्हणून मांडला जाऊ शकतो. आणि चालकाची बाजू ऐकण्यास तेथे कोणी बसलेले नसते.

भारतातही हा विषय दूरचा राहिलेला नाही. १ जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंदल्या जाणाऱ्या बस, टॅक्सी आदी प्रवासी वाहनांना ठिकाण दर्शविणारे यंत्र व संकटकाळचे बटन बसविण्याचा नियम झाला. त्यामागील हेतू प्रवाशांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, सुरक्षिततेचा होता, आणि तो उघडपणे सांगितलेला होता. जुलै २०२२ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने गाडी किती व कशी चालविली जाते यावर हप्ता ठरविण्यास मुभा दिली. जपून चालविणाऱ्यास तीत फायदाच आहे. मात्र कोणती माहिती, कोणास, किती काळ, हे त्याला आधी कळले पाहिजे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात संमती स्वेच्छेने व हेतू समजून घेऊन दिलेली असावी आणि ती मागेही घेता यावी, अशी तरतूद आहे.

व्यवहारात मात्र नव्या गाडीच्या आनंदात पडद्यावरील ‘मान्य’ या शब्दावर बोट टेकविले जाते, आणि मागील अटी न वाचलेल्याच राहतात. जुनी गाडी विकतानाही तेच घडते : कागदपत्रे बदलतात, किल्ली दुसऱ्याच्या हाती जाते, आणि आधीच्या मालकाच्या घराचा पत्ता व आप्तांचे दूरध्वनी-क्रमांक गाडीच्या स्मृतीत तसेच राहून जातात.