अंगणातील पाटी आणि मतदाराचा कौल

निवडणूक प्रचाराच्या साधनांपैकी ‘यार्ड साइन’, म्हणजे घरापुढच्या हिरवळीवर रोवलेली उमेदवाराच्या नावाची पाटी, हे अमेरिकेतील सर्वांत साधे आणि सर्वांत घरगुती साधन होय. पन्हळी प्लॅस्टिकचा साधारण २४ इंच लांब व १८ इंच रुंद तुकडा, तो पेलणारी तारेची चौकट आणि त्यावर ठळक अक्षरांत नाव व पद, एवढाच तिचा पसारा असतो. जाहीरनामा मांडण्याइतकी जागा तिच्यावर नसते आणि मोटारीतून जाणाऱ्याला ती वाचायला काही क्षणांपलीकडे वेळही मिळत नाही. अशा पाटीने मत मिळते का, मिळत असेल तर कोणाला, आणि ती केव्हा लावावी, हे प्रश्न प्रचार चालवणाऱ्यांना दीर्घकाळ पडत आले आहेत.

या प्रश्नांचा पद्धतशीर शोध डोनाल्ड ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार क्षेत्रीय प्रयोगांतून घेतला व त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. न्यूयॉर्क राज्यातील काँग्रेसची एक निवडणूक, ऑल्बनीच्या महापौरपदाची निवडणूक, व्हर्जिनियाच्या राज्यपालपदाची २०१३ ची निवडणूक आणि पेनसिल्व्हेनियातील कंबरलँड काउंटीच्या आयुक्तपदाची निवडणूक, अशी ही चार क्षेत्रे होती. प्रत्येक ठिकाणी मतदान केंद्रनिहाय विभागांपैकी काही विभाग चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यादृच्छिक पद्धतीने निवडून तेथे पाट्या लावल्या गेल्या, उरलेले विभाग तुलनेसाठी राखले गेले आणि मतमोजणीनंतर दोहोंतील फरक तपासला गेला. चारही प्रयोगांचा एकत्रित हिशेब केला असता पाट्यांमुळे मतांच्या वाट्यात पडणारा फरक सरासरी सुमारे १.७ टक्क्यांचा दिसला. मोठ्या फरकाने लागणारा निकाल एवढ्याने पालटत नाही, पण जेथे शेवटच्या फेरीपर्यंत श्वास रोखून बसावे लागते, तेथे हाच फरक निर्णायक ठरू शकतो.

ज्या पाटीवर एकही युक्तिवाद नसतो, ती मत कसे मिळवते, याचा उलगडा मानसशास्त्रातून होतो. रॉबर्ट झायोंक यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार एखादी गोष्ट वारंवार नजरेस पडली की, तिच्याविषयी काहीही माहिती नसतानादेखील माणसाच्या मनात तिच्याबद्दल अनुकूलता निर्माण होऊ शकते. याला निव्वळ परिचयाचा परिणाम म्हणता येईल. सिंडी कॅम आणि एलिझाबेथ झेकमाइस्टर यांच्या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हाच परिणाम निवडणुकीच्या संदर्भात तपासला गेला. टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे एका प्राथमिक शाळेकडे जाणाऱ्या रस्त्यालगत ‘बेन ग्रिफिन’ या पूर्णपणे काल्पनिक उमेदवाराच्या पाट्या लावण्यात आल्या आणि नंतर पालकांना नगर परिषदेसाठीची त्यांची पसंती विचारण्यात आली, तेव्हा त्या रस्त्याने ये-जा करणाऱ्यांपैकी जवळजवळ चतुर्थांश पालकांनी या अस्तित्वातच नसलेल्या उमेदवाराला पहिल्या तिघांत स्थान दिले.

यावरून पाटीचा उपयोग कोठे अधिक आणि कोठे कमी, हेही उमगते. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांची नावे मतदाराला आधीच पाठ असतात, त्यामुळे तेथे पाटी नव्याने काही ओळख करून देत नाही. अमेरिकन मतपत्रिका मात्र लांबलचक असते. तीवर शालेय मंडळाचे सदस्य, काउंटीचे आयुक्त आणि अनेक राज्यांत न्यायाधीशही असतात, आणि यांपैकी कित्येक पदांच्या निवडणुकीत नावापुढे पक्षाचा उल्लेखही नसतो. अशा वेळी मतदाराच्या हाताशी ओळखीच्या नावाखेरीज फारसा आधार उरत नाही, आणि ती ओळख निर्माण करणे हेच पाटीचे खरे काम ठरते.

पाटी केव्हा लावावी, याचे उत्तर मतदान केव्हा सुरू होते यावर अवलंबून आहे. नोव्हेंबरमधील पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार हा मतदानाचा दिवस १८४५ च्या कायद्याने ठरला, परंतु टपाली आणि आगाऊ मतदानामुळे त्या दिवसाचे महत्त्व आता विभागले गेले आहे. २०२० मध्ये सुमारे १६ कोटी मतांपैकी १० कोटींहून अधिक मते त्या मंगळवारपूर्वीच दिली गेली होती. मिनेसोटात निवडणुकीच्या ४६ दिवस आधी मतदान सुरू होते, म्हणून तेथे शेवटच्या पंधरवड्यात लावलेली पाटी अनेक मतदारांच्या दृष्टीने उशिराच आलेली असते. काळाचे बंधन कायद्यातही आढळते. टेक्सासमध्ये गृहसंकुलाची संस्था निवडणुकीपूर्वी ९० दिवसांपासून निवडणुकीनंतर दहाव्या दिवसापर्यंत रहिवाशाच्या पाटीला सरसकट मनाई करू शकत नाही. मात्र पाटीवरील मजकुराच्या प्रकारानुसार वेगवेगळे नियम लावणाऱ्या ॲरिझोनातील गिल्बर्ट गावाची नियमावली सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये घटनाबाह्य ठरवली.

पाटीचे मोल केवळ मतांच्या टक्केवारीत मोजणे अपुरे आहे, हे याच न्यायालयाच्या १९९४ मधील एका निकालातून अधिक स्पष्ट होते. मिसुरीतील लडू या उपनगराने घरांवरील बहुतेक पाट्यांना बंदी केली होती आणि आखाती युद्धाला विरोध करणारी पाटी लावणाऱ्या एका रहिवासी महिलेने त्या बंदीला आव्हान दिले होते. न्यायालयाने एकमताने तिच्या बाजूने कौल दिला. न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी लिहिलेल्या निकालपत्रातील विवेचनानुसार, स्वतःच्या घरावर लावलेली पाटी तोच मजकूर अन्यत्र लावण्यापेक्षा वेगळा अर्थ सांगते, कारण बोलणारा कोण आहे हे तीतून लगेच कळते. शिवाय अल्प साधने असलेल्या नागरिकाला तिच्याइतका स्वस्त आणि सोयीचा दुसरा मार्ग सहज सापडत नाही.

महाराष्ट्रातील वाचकाला या विषयाचा दुवा शोधायला दूर जावे लागत नाही, कारण रंगवलेल्या भिंती, झेंडे आणि फ्लेक्स ही त्याच कुळातील साधने आहेत. आदर्श आचारसंहितेनुसार कोणाच्याही जमिनीवर, घरावर वा कुंपणाच्या भिंतीवर झेंडा, फलक किंवा घोषणा लावण्यापूर्वी मालकाची परवानगी आवश्यक आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२७अ नुसार पत्रकावर आणि भित्तिपत्रकावर मुद्रक व प्रकाशक यांचे नाव-पत्ते छापावे लागतात, आणि कलम १३० नुसार मतदानाच्या दिवशी केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचाराचा फलक लावता येत नाही. या नियमांचे मर्म आणि लडूच्या निकालाचे मर्म एकच आहे: फलकाला वजन येते ते घरमालकाच्या संमतीने. न विचारता रंगवलेली भिंत उमेदवाराचे नाव डोळ्यांपुढे आणू शकेल, पण शेजाऱ्याचा विश्वास त्या नावामागे उभा करू शकणार नाही. म्हणून उमेदवाराने भिंतीला हात लावण्यापूर्वी दार वाजवावे, घरमालकाने संमती विचारपूर्वक द्यावी, आणि मतदाराने ओळखीचे नाव दिसताच तेवढ्यावर न थांबता त्या नावामागचे काम तपासून पाहावे.